सांदवाडीतल्या सुताराची तयारी

सुतार पक्ष्याचे फोटो काढायच्या तयारीची यादी करताना पहिलं नाव कॅमेऱ्याचं लिहिलं असेल तर ते खाली ढकला आणि तिथे वाळकी फांदी लिहा. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कडुलिंब असो, आंबा असो की शेवगा, त्यावर साल सुटलेली एखादी मेलेली फांदी असेल तर सुतार पक्षी फिरकतो. मुंगळे, अळ्या, वाळवी असं त्याचं सगळं जेवण तिथे असतं, आणि पुढेमागे घरटं कोरायला लाकूडही मऊ पडलेलं असतं. आमच्या कडुलिंबाला अशी मनगटाहून जाड एक फांदी होती. पावसाळ्याआधी विजेच्या तारेला लागणाऱ्या फांद्या काढायला माणूस बोलावला, मी ऑफिसात होते, आणि त्याने ‘वाळलीच होती ना’ म्हणून तीही उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सोनपाठी सुतार आला, कापलेल्या थोटकाला चिकटला, दोन ठोके दिले, मान वाकडी करून पाहिलं आणि गेला. त्या वर्षी मला एकही धड फोटो मिळाला नाही. तेव्हापासून छाटणीच्या दिवशी ठेवायच्या फांदीला मी आदल्या संध्याकाळी लाल चिंधी बांधते. फांदी छपरावर किंवा तारेवर पडेल अशी असेल तर हट्ट करू नका, पण मुळातून काढण्याऐवजी चार-पाच फूट थोटूक राहू द्या. आणि झाड तोडायचं किंवा मोठी छाटणी करायची तर महापालिकेची परवानगी लागते, हे शेजारी सांगण्याआधी आपल्यालाच माहीत असलेलं बरं.

संक्रांत झाली की झाडांवरचा मांजा काढून घ्या. नागपुरात पतंगांचा जोर किती असतो ते सांगायला नको. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, तरी दरवर्षी आमच्या आंब्यात त्याची गुंतवळ निघतेच. बांबूला आकडा बांधून काढायचा, तुकडे करून कचऱ्यात टाकायचा, नुसता भिंतीपलीकडे भिरकावायचा नाही. बुंध्याला मुंग्यांची पावडर किंवा वाळवीचं औषध मारायचं असेल तर पक्षी पाहायचा विचार तिथेच सोडा. सोनपाठीचं पोट मुख्यतः मुंग्यांवर चालतं; त्याच्या ताटात विष कालवून वर फोटोसाठी वाट बघत बसणं काही पटत नाही. त्याच्यासाठी चरबीच्या वड्या टांगा असा सल्ला वाचनात येईल. तो थंड देशांतला आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात त्या वडीचं तेल होऊन पक्ष्याच्या पिसांना लागेल. मातीच्या उथळ परळात पाणी ठेवा, रोज घासून बदला, तेवढं पुरे.

महिना कोणता धरायचा? माझं मत पक्कं आहे: महाशिवरात्र ते गुढीपाडवा. या दिवसांत कडुलिंब पानं गाळतो आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड उघडं दिसतं. पाडव्याला आपण त्याचा कोवळा पाला खातो, म्हणजे तोवर झाड पुन्हा भरलेलं असतं आणि पक्षी पानांत हरवतो. याच काळात पळस आणि सावर फुलतात, आणि सुतार त्यांच्या फुलांतला रसही चाखतो. विणीचा हंगाम सुरू झालेला असल्याने नर-मादी बोलके असतात. डिसेंबरातला उजेड सुंदर असतो हे खरं, पण धुकं उठेपर्यंत ऑफिसची वेळ होते. मे महिन्याबद्दल मी बोलतच नाही. पंचेचाळीस अंशांत कॅमेरा तापतो आणि आपणही.

येणार कोण, ते आधी घोकून ठेवा, म्हणजे ऐन वेळी गडबड होत नाही. सोनपाठी सगळ्यात मोठा, मैनेहून बराच लांब, सोनेरी पिवळी पाठ आणि कमरेला काळा. नराचा माथा कपाळापासून पूर्ण लाल; मादीच्या कपाळावर काळ्यात पांढरे ठिपके आणि लाल फक्त मागच्या तुऱ्यात. तो येतो ते घोडा खिंकाळल्यासारखा हसत, त्यामुळे कान उघडे असले की निम्मं काम होतं. मराठा सुतार त्याच्यापुढे साधा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, पण माथ्याला पिवळसर झाक आणि पोटाखाली लाल डाग. नराच्या डोक्यामागे लाल असतं, मादीच्या नसतं. लॅथम नावाच्या इंग्रज पक्षीशास्त्रज्ञाने १८०१ साली त्याच्या शास्त्रीय नावात ‘महरट्टेन्सिस’ घातलं. आपल्या प्रांताचं नाव घेऊन फिरणारा पक्षी घरामागे येतो आणि आपण त्याला चितकबरी चिमणी समजतो. तिसरा तपकिरी टोपीचा, चिमणीहूनही लहान, बारीक काटक्यांवर सरपटणारा. तो दिसला तर नशीब.

दोन घोटाळे मात्र नक्की होतात. दुपारभर ‘टुक टुक टुक’ असा ठोका ऐकू येतो तो सुताराचा नव्हे, तांबटाचा आवाज असतो. आणि हिरवळीवर लांब बाकदार चोचीने माती टोचणारा, पंख्यासारखा तुरा उघडणारा, ज्याला कितीतरी घरांत सुतार म्हणतात, तो हुदहुद. बुंध्याला शेपटी टेकवून उभा असेल तरच सुतार समजा. त्याची शेपटी ताठ असते, तिसऱ्या पायासारखी. पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असल्याने साल घट्ट धरता येते.

आता शेजारी. यादीतला हा मुद्दा कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. लेआउटमधली घरं एकमेकांना चिकटून असतात आणि लांब लेन्स लावलेला कॅमेरा सकाळी सात वाजता कुणाच्या न्हाणीघराकडे वळलेला दिसला की पुढची पाच वर्षं त्याचा खुलासा करावा लागतो. आधीच जाऊन सांगा, एखादा फोटो दाखवा. आमच्या मागचे काका पहिल्यांदा म्हणाले होते, “कायले फोटो काढता जी त्याचे, झाड पोखरून राहिला तो!” त्यांना घरी बोलावून स्क्रीनवर मोठा करून दाखवला, चोचीत धरलेली अळीही दाखवली. आता त्यांच्या आंब्यावर बसला की तेच फोन करतात.

लपायला काही विकत आणू नका. उन्हाळ्यासाठी कुंड्यांवर बांधतो ती हिरवी जाळी महिनाभर आधी बांधा आणि कूलरच्या स्टँडलाच तिचं एक टोक अडकवा. कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नसतो, स्टँड रिकामा असतो, त्यामागे स्टूल मावतं. जाळीला लेन्सपुरतं भोक ठेवा. रोज तिथे पाच-दहा मिनिटं चहा घेऊन बसा, पक्ष्याला तुमची सवय होते. आणि त्याच वेळी वहीत मांडत जा: किती वाजता आला, कोणत्या झाडावर, बुंध्याच्या कोणत्या अंगाला. माझ्या वहीत आठवड्याभरातच दिसलं की सात वीस ते सात चाळीसच्या दरम्यान तो आधी शेवग्यावर आणि मग कडुलिंबावर येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, भारतात २०१३ पासून. पंधरा मिनिटं बसून दिसलेले पक्षी मोजायचे. या सवयीला तो चांगला मुहूर्त आहे.

कॅमेऱ्याचं गणित थोडक्यात सांगते. आमचा कडुलिंब जाळीपासून बारा मीटरवर आहे. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) आणि ४०० मिलिमीटरची लेन्स असेल तर त्या अंतरावर उभ्या चौकटीत साधारण ६७ सेंटिमीटर उंचीचा तुकडा मावतो. अठ्ठावीस सेंटिमीटरचा सोनपाठी त्यात चाळीस टक्के जागा घेतो, म्हणजे छान. ३०० मिलिमीटरवरही चालतं. नुसता मोबाइल असेल तर ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची) दुर्बीण घ्या आणि डोळ्यांनी पाहा. मोबाइलने काढलेला ठिपका नंतर कुणालाच दाखवता येत नाही. शटर हजारांश सेकंदावर ठेवा, कारण त्याचं अंग स्थिर दिसतं आणि डोकं सेकंदाला कितीतरी वेळा हलत असतं. दोन ठोक्यांच्या मधे तो थबकतो, तेव्हा दाबा. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर धरा, नाहीतर कॅमेरा सालीच्या भेगांत रमतो. मागे पांढरं आकाश असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, एक पायरी वाढवा. ऊन थेट पाठीवर पडत असेल तर किंचित कमी करा, ते सोनेरी फार लवकर फटफटीत होतं. बीप बंद, फ्लॅश बंद. टेकवायला मी जुन्या जीनचा पाय शिवून त्यात दीड किलो ज्वारी भरली होती. पावसाळ्यात तिला किडे झाले. आता वाळू भरते.

खरी अडचण वेगळीच. सुताराला माणूस दिसला की तो उडत नाही, बुंध्याच्या पलीकडे सरकतो आणि तिथूनच वर चढत राहतो. आपण वाट बघतो, तो शेंड्याला जाऊन उडतो, आणि हातात साल उरते. दोन वर्षं माझ्याकडे सालीचेच फोटो जमले. मग एका सकाळी सासूबाई बादली घेऊन झाडापलीकडच्या दोरीवर धुणं वाळत घालायला गेल्या. सुतार पलीकडच्या बाजूला होता. त्यांनी पहिलं लुगडं झटकलं, आणि तो बाजू बदलून गोल फिरत माझ्यासमोर आला, पूर्ण पाठ, पूर्ण उजेडात. छातीएवढ्या उंचीवर एक साल उचकटून जीभ आत घातली, बाहेर काढली, पुन्हा घातली. साल उडून खाली पडली ती मला ऐकू आली. अकरा फोटो मिळाले. सासूबाई परत आल्या आणि म्हणाल्या, “मले पाहून लपते वं तो.” तेव्हापासून त्या यादीत आहेत. फक्त दोरीवरचे कपडे चौकटीत येणार नाहीत असे घालायचे; त्या अकरांपैकी चारांत मागे सासऱ्यांचा बनियन आहे.

वर चढणाऱ्या पक्ष्यासाठी चौकटीत वरच्या बाजूला जागा सोडा. तो बहुधा बुंध्याच्या खालच्या भागावर उतरतो आणि गोल गोल वर जातो, मग पुढच्या झाडाच्या पायथ्याशी. म्हणून शेवग्यावरून उडाला की लगेच लेन्स कडुलिंबाच्या खालच्या भागाकडे न्या, वर शोधत बसू नका.

ढोलीत घरटं सापडलं तर यादी बदलते. जाळी मागे घ्या, वेळ कमी करा, ढोलीत टॉर्च मारू नका, समोरची पानं ‘आड येतात’ म्हणून तोडू नका, आणि मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. त्याला तो आवाज घुसखोराचा वाटतो आणि अंड्यांवरून उठून तो भांडायला येतो. वन्यजीव कायद्याने अंडी-घरट्याला हात लावणं गुन्हाही आहे. पिल्लं उडाल्यावरही ढोली बुजवू नका. पुढच्या वर्षी तिथे पोपट, मैना किंवा पिंगळा राहायला येतो. आमच्याकडे पोपट आला आणि भाडं न देता तीन वर्षं राहिला.

आदल्या रात्रीचं एवढंच: बॅटरी चार्जरवरून काढून कॅमेऱ्यात, कार्ड रिकामं, स्टूल जाळीमागे, अंगावर मळकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण मार्चात डास असतात. परळात ताजं पाणी. कुत्रा असेल तर पुढच्या दारी बांधा. आणि झोपण्याआधी सासूबाईंना विचारून घ्या, की उद्या धुणं साडेसातला निघेल ना, की नळाची वेळ बदलली आहे.