लेख सापडत नाही? या चुका टाळा

घरून संशोधनाचा लेख उघडला की पैसे मागणारं पान समोर येतं आणि काहीजण खरंच कार्ड काढतात. थांबा. विद्यापीठाने त्या नियतकालिकाची वर्गणी बहुधा आधीच भरलेली असते. कॅम्पसवर प्रकाशकाची साइट विद्यापीठाचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, ओळखून तुम्हाला आत सोडते. घरच्या इंटरनेटवर तिला तुम्ही कोण ते कळत नाही. म्हणून ग्रंथालयाच्या पानावरून लॉगिन करून शिरा, म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे विद्यापीठाचा मधला सर्व्हर, तुमची ओळख पटवते. बाहेरचं विकतचं व्हीपीएन (तुमचा इंटरनेट पत्ता बदलणारी सेवा) चालू असेल तर ते बंद करा. गुगल स्कॉलर वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या ‘लायब्ररी लिंक्स’मध्ये विद्यापीठ जोडून ठेवा.

दुसरी गफलत डेटाबेस निवडण्यात होते. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या सूची आहेत. तिथे सारांश आणि संदर्भ मिळतील, पूर्ण लेख दुसरीकडे असतो. जेस्टोर या नियतकालिकांच्या संग्रहात पूर्ण लेख असतात, पण अनेक नियतकालिकांचे अगदी अलीकडचे, साधारण 3 ते 5 वर्षांचे अंक नसतात. फक्त तिथे पाहून ‘या विषयावर नवं संशोधनच नाही’ असं प्रबंधात लिहिलंत, तर परीक्षक पकडणारच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र शोधपेटीत वाया जातो. अख्खा प्रश्न वाक्यासारखा टाइप करू नका. त्यातल्या दोन-तीन मुख्य संकल्पना आणि त्यांचे पर्यायी शब्द घ्या. आणि कंस घाला! ‘लर्निंग ऑर मेमरी अँड स्लीप’ ही ओळ पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून झोपेचा संबंध दोन्ही शब्दांशी जोडला जातो. वेब ऑफ सायन्स आधी ‘अँड’ सोडवतं, त्यामुळे झोपेशी काडीचाही संबंध नसलेले लर्निंगवरचे लेख ढिगाने येतात. ओळ तीच, निकाल वेगळे. ‘लर्निंग ऑर मेमरी’ एवढं कंसात टाकलं की प्रश्न मिटतो. ‘अँड’, ‘ऑर’ हे जोडशब्द इंग्रजी कॅपिटल अक्षरांत लिहा. पबमेडला तसेच लागतात.

अवतरण चिन्हांचाही अतिरेक नको. पबमेड साध्या शब्दांना आपणहून मेश या विषयसूचीतल्या संज्ञा जोडतं. ‘हार्ट अटॅक’ टाकलं तर ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ही शोधलं जातं. अवतरण चिन्हं लावलीत की ही सोय बंद पडते.

चांगला लेख हाती लागला की ॲड्रेस बारमधला पत्ता जपून ठेवू नका, तो बरेचदा त्या सेशनपुरताच चालतो. पर्मालिंक (लेखाचा कायमचा दुवा) किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) घ्या. स्क्रिप्ट लावून शेकडो पीडीएफ उतरवायचा मोहही आवरा. प्रकाशक प्रवेश तोडतो आणि त्याचा फटका अख्ख्या विद्यापीठाला बसू शकतो.

एवढं करूनही लेख मिळालाच नाही, तर ग्रंथपालांकडे आंतरग्रंथालयीन देवघेवीची, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयातून लेख मागवण्याची, विनंती टाका. सोबत डीओआय द्या, म्हणजे ‘नेमका कोणता लेख?’ या विचारपूशीत दिवस जाणार नाहीत.