बातमीत 'इस्लामिस्ट' शब्द दिसला की आधी काय चेक करायचं

फॅमिली ग्रुपवर लंडनचा व्हिडिओ पडतो, दाढीवाले, काळे झेंडे, खाली लिहिलेलं 'युरोप संपला', आणि पाच मिनिटांत दहा अंगठे. थांबा की जरा. फॉरवर्ड करायच्या आधी बघा यांना नक्की हवंय काय.

पहिलं म्हणजे मुसलमान आणि इस्लामिस्ट हे दोन वेगळे शब्द आहेत, रोज नमाज पढणारा टॅक्सीवाला इस्लामिस्ट होत नाही, धर्माच्या कायद्यावर राज्य चालावं असं राजकारण करणारा तो इस्लामिस्ट. तबलिगी जमातवाले, ज्यांचं युरोपातलं मोठं केंद्र इंग्लंडात ड्यूजबरीला आहे, ते नमाज-रोजा शिकवत फिरतात, राजकारणापासून लांब राहतात, त्यांना सरळ या यादीत टाकू नका.

मग बघा, मतदानाबद्दल काय म्हणतात? हा प्रश्न एकदम कामाचा. मुस्लिम ब्रदरहूडच्या (इजिप्त, 1928) वळणाच्या संस्था मशिदी, शाळा, चॅरिटी चालवतात आणि मत द्या म्हणतात. जर्मनीतली तुर्की संघटना मिल्ली गोरुश म्हणजे तुर्कस्तानचे इस्लामी नेते एर्बाकान यांची परंपरा, तीही साधारण याच वाटेची. उलट हिज्ब उत-तहरीर या संघटनेला खिलाफतच, म्हणजे एका खलिफाचं इस्लामी राज्यच पाहिजे, मतदान हराम. आणि झेंड्याची गंमत बघा, काळ्यावर पांढरा कलमा (इस्लामच्या श्रद्धेचं वाक्य) दिसला की लोक आयसिस म्हणून मोकळे होतात, पण हिज्बवालेही तसलाच झेंडा घेऊन फिरतात.

तिसरं हिंसा, आणि इथे मात्र घोळ आहे. हिज्ब म्हणते आम्ही शस्त्र उचलत नाही, तरी जर्मनीने 2003 मध्ये आणि ब्रिटनने जानेवारी 2024 मध्ये बंदी घातली, ब्रिटनचं कारण हमासने इस्राएलवर केलेल्या 7 ऑक्टोबर 2023 च्या हल्ल्याचं कौतुक. हिज्बमधूनच 1996 मध्ये बाहेर पडलेल्या ओमर बक्रीने अल-मुहाजिरून ही जहाल संघटना चालवली, तिचा म्होरक्या अंजेम चौधरी 2024 मध्ये जन्मठेपेवर गेला. सलफींमध्येही (इस्लामच्या पहिल्या पिढ्यांसारखं वागायचं म्हणणारे) गप्प बसणारे, राजकारण करणारे आणि जिहादी असे तिन्ही प्रकार, म्हणून नुसत्या पेहरावावरून काही कळत नाही.

शेवटी संस्थेचं मूळ शोधा. लेस्टरची इस्लामिक फाउंडेशन (1973) जमाते इस्लामी या राजकीय संघटनेच्या विचाराची (तबलिगी जमात वेगळी), आणि तिचे संस्थापक मौदुदी 1903 मध्ये जन्मले कुठे, तर आपल्या औरंगाबादेत! हे ग्रुपवर सांगितलं तर कुणाला खरं वाटलं नाही.

आणि हो, व्हिडिओची तारीख बघा, निम्मे जुने असतात.