जखमी सहकाऱ्याच्या खाटेजवळ कसं बसायचं

पहिल्या आठवड्यात तुमची गरज नसते. त्या दिवसांत एसपी साहेब येऊन जातात, पालकमंत्री येतात, पुष्पगुच्छांनी खिडकी भरते, ठाण्याच्या ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. तुमचं काम तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतं. तोवर पुढचा बंदोबस्त लागलेला असतो, सगळे तिकडे पांगलेले असतात आणि खाटेजवळ बायको आणि एखादा मेहुणा, एवढेच उरतात.

मी नागपूर ग्रामीणमधून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नाकाबंदीत एका पिकअपने बॅरिकेडसकट उडवलं, डावा पाय गुडघ्याखाली गेला, पुढची नोकरी कृत्रिम पायावर केली. तेव्हापासून इथे कुणी पोलीस जबर जखमी होऊन दाखल झाला की जातो. गडचिरोलीत सुरुंगात किंवा चकमकीत जखमी झालेली सी-60ची, म्हणजे नक्षलविरोधी पोलीस पथकाची, पोरं हेलिकॉप्टरने नागपुरातच आणतात, त्यामुळे हे जाणं काही थांबत नाही. खात्यातल्या ज्यांनी स्वतः असं काही सोसलंय आणि आता दुसऱ्याजवळ बसायची इच्छा आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

जाताना

साध्या कपड्यांत जा आणि एकटे जा. आधी घरच्यांना फोन करा. वहिनी 'आज नको' म्हणाल्या तर आज नको. जखमी माणूस अधिकारी असेल आणि तुम्ही अंमलदार, तर 'साहेब' म्हणणं सोडू नका. खाटेवर पडल्यावर हुद्दा हीच एक गोष्ट त्याच्याकडे धड राहिलेली असते. पण अधिकारी हाताखालच्या माणसासमोर सहसा मोकळा होत नाही, म्हणून त्याच्या बरोबरीचा कुणी मिळतोय का ते बघा. महिला अंमलदार असेल तर महिला सहकारीच जाऊ दे, तुम्ही कागदांचं बघा.

गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडचा जवान असेल तर आणखी एक गोष्ट. त्याचे आईवडील बरेचदा माडिया किंवा गोंडीच बोलतात. डॉक्टर काय सांगतात ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही आणि ते विचारतही नाहीत, नुसते कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसतात. ती भाषा येणारा एक माणूस शोधून आणलात तर तुमची अर्धी भेट कारणी लागली.

बोलताना

स्फोटात कानाचे पडदे फाटतात. भेटायला येणारे म्हणतात, 'पोरगा खचलाय, बोलतच नाही.' अहो, त्याला ऐकूच येत नसतं! समोर बसा, तोंड दिसेल असं सावकाश बोला, नाहीतर कागदावर लिहा.

आपली जखम दाखवायची घाई करू नका. मी पाय दाखवत नाही. खुर्चीत बसलं की पँट थोडी वर सरकते, बुटाच्या वरचा पाईप दिसतो, त्याची नजर तिथे जाते. मग तोच विचारतो. या खेपेला नाही तर पुढच्या. आणि विचारतात काय? दुखतं का, हे फार कमी जण. 'मोटारसायकल चालवता येते का?' हा पहिला प्रश्न. जे खरं आहे ते सांगा. येत नसेल तर येत नाही म्हणा.

'जिवावरचं पायावर निभावलं' हे वाक्य त्याने प्रत्येक नातेवाइकाकडून ऐकलेलं असतं. तुम्ही म्हणू नका. 'तू वाघ आहेस' हेही नको. वाघाला रडता येत नाही. आणि घटना कशी घडली, हे विचारायचंच नाही. तपासी अंमलदाराने जबाब घेतलाय, तेवढा पुरे. 26/11ला रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर ज्या गाडीत पडले, तिच्यात मागे बसलेले अरुण जाधव जखमी होऊन वाचले. अशा प्रसंगातून एकट्याने वाचलेल्याला लोक तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि त्यांना वाटतं आपण त्याचा मान करतोय. जोडीदार गेला असेल तर 'मी का राहिलो' हे कधीतरी निघतंच. निघालं की उत्तर देऊ नका, ऐका.

खाटेजवळ कानावर पडलेलं ठाण्यात, ग्रुपवर, साहेबांच्या केबिनमध्ये जाता कामा नये. अपवाद एकच: जीव द्यायची भाषा. शंका आली तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने विचार सुचत नाही, उलट मनावरचं ओझं उतरतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं आणि सरकारी पिस्तूल आसपास नाही याची खात्री करायची. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर त्याच्याही फोनमध्ये टाका, वहिनींच्याही.

कागद

हे कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात उपयोगाचं हेच. जखमी माणूस कागद करू शकत नाही आणि घरच्यांना 'बारनिशी' म्हणजे टपालाची आवक-जावक नोंद, तेही ठाऊक नसतं. स्टेशन डायरीतली नोंद, त्या दिवशीच्या ड्युटी वाटपाची प्रत, एफआयआर, एमएलसी नंबर (हॉस्पिटलने पोलीस केस म्हणून नोंदलेला) आणि डिस्चार्ज कार्ड, सगळं एका फाईलमध्ये झेरॉक्ससकट लावा. 'कर्तव्यावर असताना' हे कागदावर सिद्ध झालं की पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेत हॉस्पिटल बसतं का ते मुख्यालयात विचारा. बसत नसेल तर मूळ बिलं जपा. साधी आजारी रजा खर्ची पडू देऊ नका. 1981च्या रजा नियमांत विशेष विकलांगता रजा आहे, जास्तीत जास्त 24 महिन्यांपर्यंत, आणि हात लिहायला चालत नसला तरी अंगठा उठवून अर्ज देता येतो. अर्जावर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. वाहनाने ठोकलं असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाची सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे, वकील लवकर गाठा. पगाराच्या खात्यावर अपघात विमा आहे का, हेही बँकेत विचारून घ्या.

घरी आल्यावर

पाय कापलेला असेल तर बँडेज बांधायला वहिनींना शिकवा, कारण हॉस्पिटलात एकदाच घाईत दाखवतात. क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरकं फिरवायचं, टोकाशी घट्ट, वर जाताना सैल. गोल गुंडाळलं की वरून आवळतं, खाली सूज साचते आणि पुढे सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची वाटी, बसत नाही. गुडघ्याखाली उशी देऊ नका, गुडघा वाकलेलाच आखडतो. मणक्याला मार असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. त्यासाठी पोलीस लाईनीतल्या पोरांच्या पाळ्या लावा. ड्युटी वाटप आपल्याला कुणी शिकवायला नको.

नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो, नसलेल्या पोटरीत गोळा येतो. आपल्याला वेड लागलं असं वाटून माणूस हे कुणालाच सांगत नाही. म्हणून तुम्ही आधी सांगा की मलाही होतं, आणि डॉक्टरकडे त्यावर गोळी आहे.

21 ऑक्टोबरला त्याला न चुकता फोन करा. 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला दहा जवान पडले, तेव्हापासूनचा हा पोलीस स्मृतिदिन. मुख्यालयात हुतात्म्यांची नावं वाचली जातात, जखमींची नाही, आणि घरी बसलेल्या माणसाला त्या दिवशी ते फार टोचतं.

ठाण्यात परत

सगळ्यात मोठी भीती नोकरीची असते. त्याला सांगा: 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या हुद्द्यावर आणता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मात्र वेळेत काढा.

काम कोणतं, हे त्यालाच विचारायला लावा. 'बसायचं काम' म्हणून कोपऱ्यात रजिस्टर देतात आणि महिनाभरात माणूस कुजतो. सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक यंत्रणा), वायरलेस, मुद्देमाल, प्रशिक्षण, डोकं लागतं अशी कामं ठाण्यात भरपूर आहेत.

हजर व्हायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही स्वतः ठाण्यात जाऊन संडास बघून या. देशी भांडं असेल तर कृत्रिम पायावर उकिडवं बसणं अवघड जातं. मग तो दिवसभर पाणी पीत नाही आणि कुणाला सांगतही नाही. मोठ्या साहेबांना भेटून एक कमोड आणि भिंतीला दांडी बसवून घ्या. निधी नाही म्हणाले तर कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. ठाण्यातल्यांनी वर्गणी काढली की येते. टेबल तळमजल्यावर मागा.