जुन्या पिकअपचं अ‍ॅव्हरेज का पडतं? या चुका टाळा

द्राक्षाचा हंगाम आला की तासगाव-पलूसच्या रस्त्यांवर पहाटेपासून पिकअप धावू लागतात आणि त्यातल्या कितीतरी दहा-पंधरा वर्षांच्या असतात. लोक हौसेने जुनी गाडी ठेवतात असं नाही. इंजिनाला डिझेल देणारा मेकॅनिकल पंप, साधं डिझेल इंजिन, मागे जाड पाटे (लीफ स्प्रिंग), सेन्सरची भानगड नाही. बंद पडली तर गावातला मिस्त्री चार पान्यांत चालू करून देतो. शेतकऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही.

हिशोबही करून बघा. महिन्याला १००० किलोमीटर चालणारी जुनी गाडी लिटरला १० देते आणि नवी १३ देते असं धरू. म्हणजे १०० लिटरच्या जागी ७७ लिटर लागेल. डिझेल ९० रुपये धरलं तर फरक दोन हजारांच्या आसपास. नव्या गाडीचा हप्ता याच्या कितीतरी पट असतो. म्हणून अ‍ॅव्हरेजसाठी गाडी विकायच्या आधी आहे ती गाडी डिझेल कुठे खाते ते शोधा.

पहिली चूक मोजण्यातच होते. पाचशेचं डिझेल टाकून काटा बघणं म्हणजे मोजणं नव्हे. एकाच पेट्रोल पंपावर टाकी फुल करा, मीटर लिहून ठेवा, तीन-चारशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा तिथेच फुल करा. ४१२ किलोमीटरला ३४ लिटर बसलं तर अ‍ॅव्हरेज १२.१. टायर मूळ मापाचे नसतील तर मीटरच खोटं सांगतं, तेही ध्यानात ठेवा.

आता थर्मोस्टॅटचं सांगतो, कारण यात आमच्या घरचं दीड वर्ष डिझेल वाया गेलंय. काकांची टाटा २०७ पिकअप उन्हाळ्यात तापायची. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅटच काढून टाकला, म्हणाला, “आता तापणार नाही बघा.” खरंच तापली नाही. पण थंडीत सांगलीपर्यंत गेलं तरी तापमानाचा काटा तळातून जेमतेम हलायचा आणि अ‍ॅव्हरेज साडेनऊवर आलं. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या पुढे उघडतो. तोवर पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं आणि इंजिन लवकर गरम होतं. तो काढला की इंजिन थंडच राहतं, डिझेल नीट जळत नाही, ऑइल घट्ट राहतं आणि लायनर-पिस्टनची झीज वाढते. आमच्या गाडीचं खरं दुखणं वेगळंच होतं. वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्या बुजल्या होत्या. रेडिएटर साफ करून घेतला, नवा थर्मोस्टॅट बसवला, कूलंट भरलं आणि अ‍ॅव्हरेज ११ च्या वर गेलं.

तपासायला सोपं आहे. सकाळी थंड गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) पंख्यापासून जपून हात लावा. सुरुवातीला होज गार राहून मग एकदम गरम झाला तर थर्मोस्टॅट काम करतोय. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर तो काढलेला आहे किंवा उघडाच अडकलाय.

दुसरी मोठी चूक इंजिनाचा डिझेल पंप “वाढवून” घेण्याची. चढाला ओढत नाही म्हणून स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं जातं. दोन दिवस गाडी पळते, मग मागून काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. आधी एअर फिल्टर काढून बघा, कच्च्या रस्त्याच्या धुळीने तो लवकर भरतो. मग इंजिनात डिझेल फवारणारे नोझल तपासून घ्या. क्लच घसरतोय का तेही बघा. पंपाला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडेच. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. तिथे पंप बदलून काहीच होणार नाही. आणि स्वस्त पडतं म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नका, पंपाला डिझेलचंच वंगण असतं.

टायरची हवा थंड टायरला तपासा आणि भरलेल्या गाडीला मागे जास्त ठेवा. उसाच्या फडातला चिखल ब्रेकच्या ड्रममध्ये जाऊन ब्रेक धरून राहतो. फार ब्रेक न मारता दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू धरा. एकच चाक तापलं असेल तर डिझेल तिथे जातंय.

कुंभार्ली घाट उतरताना न्यूट्रल करणारे बरेच बघतो आणि दर वेळी जीव खाली-वर होतो. गिअरमध्ये उतरताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की पंपाचा गव्हर्नर (डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल जवळपास तोडतो. न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगचं डिझेल लागतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिन बंद केलं तर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. भरला हौदा घेऊन चिपळूणकडे उतरताना ज्या गिअरने चढला असता, त्याच गिअरने उतरा.

जुनी घ्यायला गेलात तर विकणाऱ्याने सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजवर विसंबू नका. गाडी रात्रभर थंड ठेवायला सांगा, सकाळी स्वतः चालू करा, धुराचा रंग बघा, हौद्याखाली वाकून चासीचा गंज टोकरून बघा. फिटनेस सर्टिफिकेटची तारीखही आधी वाचा, कारण ८ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दर वर्षी करावं लागतं.