ऑनलाइन घेतलेली भेटवस्तू परत करताना: ज्याच्या हाती वस्तू येते, त्याचाही हक्क असतो

भाऊबीजेला बंगळुरूत राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने एका संकेतस्थळावरून मिक्सर मागवून थेट माझ्या पत्त्यावर पाठवला. आम्ही तेव्हा गावी होतो, त्यामुळे पार्सल शेजारच्या काकूंनी घेऊन ठेवले आणि खोके उघडायला मला अकरावा दिवस उजाडला. चटणीचे भांडे ठीक होते, परंतु मोठ्या भांड्यात पाणी घातले की बुडाशी, जिथे पाते बसवलेले असते, तिथून ते थेंबाथेंबाने मोटारीच्या बैठकीवर उतरत होते. मी ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तेव्हा मला दोन उत्तरे मिळाली. पहिले, ऑर्डर आणि बिल तुमच्या नावावर नाही, त्यामुळे तुमची तक्रार घेता येणार नाही. दुसरे, परत करण्याची सात दिवसांची मुदत उलटून गेली आहे. भेट मिळालेल्या कितीतरी माणसांना हीच दोन उत्तरे ऐकून गप्प बसावे लागते आणि त्यात वस्तूपेक्षाही देणाऱ्याच्या मायेचे मोल वाया जाते याचे वाईट वाटते. म्हणून या दोन्ही उत्तरांचे कायद्यात काय होते, ते आधी सांगते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील कलम २(७) मध्ये 'ग्राहक' या शब्दाची व्याख्या आहे. मोबदला देऊन वस्तू विकत घेणारा तर ग्राहक आहेच, परंतु विकत घेणाऱ्याच्या संमतीने ती वस्तू वापरणारी व्यक्तीही त्याच व्याख्येत येते. भेट देणे याहून स्पष्ट संमती दुसरी कोणती असणार? याच व्याख्येखालील स्पष्टीकरणात ऑनलाइन खरेदीचाही उल्लेख आहे. तेव्हा बिलावर भावाचे नाव असले तरी मिक्सर वापरणारी मी कायद्याने ग्राहक आहे, आणि 'तुमचे नाव नाही' एवढ्यावर मला परतवून लावता येत नाही. वस्तू लहान मुलाला मिळालेली असेल, उदाहरणार्थ वाढदिवसाचे खेळणे, तर त्याच्या वतीने आईवडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात, अशीही तरतूद या अधिनियमात आहे. खेळण्यांविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी: १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेव्हा ते नसेल तर तक्रारीत ही बाब ठळकपणे नोंदवावी.

आता मुदतीचा प्रश्न. येथे थोडे बारकाईने पाहावे लागते. सदोष वस्तू परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देणे ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी बिलावर किंवा पावतीवर लिहिलेली मुदत धरली जाते आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. म्हणून भावाकडून बिलाची प्रत मागवून घेतल्यावर मी सर्वांत आधी हे पाहिले की, ॲपवर दाखवलेले सात दिवस बिलावर छापलेले आहेत का. ते नव्हते. याशिवाय ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये विक्रेत्याची कर्तव्ये सांगणारा सहावा नियम आहे. वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, अथवा ती कबूल केलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे हा नियम सांगतो. आणि ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. थोडक्यात, ॲपवरचे परत करण्याचे बटण नाहीसे झाले म्हणजे हक्क नाहीसा झाला असे मुळीच नाही. मात्र जितका उशीर होईल तितके 'दोष वस्तूतच होता, माझ्या वापराने आलेला नाही' हे दाखवणे अवघड जाते. त्यामुळे अहेराची खोकी माळ्यावर टाकून वर्षभराने उघडण्याची आपल्याकडची सवय मोडलेलीच बरी.

भेटवस्तूच्या बाबतीत उशिराचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. राखी पौर्णिमेच्या आधी पोहोचेल असे सांगून विकलेला राखीचा डबा पौर्णिमेनंतर चार दिवसांनी आला तर वस्तू चांगली असूनही तिचे प्रयोजन संपलेले असते. वर सांगितलेल्या नियमात उशीर हे परत करण्याचे स्वतंत्र कारण आहे. अपवाद एवढाच की, पूर किंवा तत्सम अटळ आपत्तीमुळे उशीर झाला असेल तर हे कारण लागू होत नाही. यासाठी पैसे भरतानाच, पोहोचण्याची तारीख दाखवणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण ही तारीख ॲपवर पुढे सरकत जाते आणि मूळ तारीख नंतर सापडत नाही.

याउलट, रंग आवडला नाही, साडी आधीच्या एका साडीसारखीच आहे, कुर्ता मापाला घट्ट होतो, घरात आधीच दोन कॅसरोल आहेत, या कारणांसाठी भारतीय कायदा परत करण्याचा सरसकट हक्क देत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते, त्यामुळे लंडनला राहणाऱ्या नातेवाइकांचा येथेही तसेच असेल असा समज होतो. येथे मात्र सर्व काही विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. एक हक्क मात्र निश्चित आहे: परत करणे, बदलून देणे, पैसे परत करणे आणि परत पाठवण्याचा खर्च कोणी सोसायचा, ही माहिती खरेदीपूर्वीच दाखवणे २०२० च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तेथे जे कबूल केले आहे त्यापासून विक्रेत्याला नंतर मागे फिरता येत नाही. कुर्त्याच्या पानावर 'दहा दिवसांत माप बदलून मिळेल' असे लिहिले असेल, तर ते दहा दिवस तुमचे आहेत.

प्रत्यक्ष कामाला लागताना पहिली अडचण कायद्याची नसते, संकोचाची असते. भेट परत करायची हे देणाऱ्याला सांगायचे कसे? परंतु त्याच्याशिवाय फार पुढे जाता येत नाही, कारण ऑर्डर त्याच्या खात्यात असते, परत नेण्याची विनंती तेथूनच नोंदवावी लागते, आणि पैसे बहुधा ज्या कार्डावरून किंवा यूपीआय खात्यावरून दिले त्याच ठिकाणी परत जातात. माझा अनुभव असा की, 'तू पाठवलेली वस्तू मला हवीच आहे, पण ही बिघडलेली निघाली, तेव्हा चांगली मिळवू या' असे सरळ सांगितले की कोणी दुखावत नाही. उलट आपले पैसे वाया गेले हे कळले नाही तरच देणाऱ्याचे नुकसान होते. त्याच्याकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: ऑर्डर क्रमांक, बिलाची प्रत आणि विक्रेत्याचे नाव. मोठ्या संकेतस्थळांवर प्रत्यक्ष विक्रेता बहुधा वेगळाच असतो. खरेदी करणाऱ्याने लेखी मागणी केल्यास त्या विक्रेत्याचा पत्ता व ईमेल देणे संकेतस्थळावर बंधनकारक आहे, त्यामुळे ही मागणी देणाऱ्याच्या नावाने पाठवणे सोयीचे.

खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे. कायद्याने त्याची सक्ती नाही, परंतु आत वेगळीच वस्तू निघाली किंवा काही फुटलेले निघाले तर एवढा सरळ पुरावा दुसरा नाही. चित्रणात आधी पत्त्याची चिठ्ठी आणि चिकटपट्टी न फाडलेली दिसावी, मग एकसंध चित्रणातच वस्तू बाहेर यावी. मी चित्रण केले नव्हते, त्यामुळे मला दुसरा मार्ग शोधावा लागला: कोरड्या वर्तमानपत्रावर भांडे ठेवून त्यात पेलाभर पाणी ओतले आणि पाच मिनिटांत कागदावर पसरलेल्या ओल्या डागाचे फोटो काढले. खोके, थर्माकोल, वॉरंटी कार्ड आणि लेबल यांपैकी काहीही टाकून देऊ नये, आणि दोष लक्षात आल्यावर वस्तू वापरणे थांबवावे.

परत नेण्यासाठी माणूस दारात येतो तेव्हाचा ओटीपी देणाऱ्याच्या मोबाइलवर जातो, कारण खाते त्याचे असते. म्हणून त्या वेळी तो फोनवर उपलब्ध असेल अशी वेळ ठरवावी, आणि माणूस खरोखर दारात उभा आहे याची खात्री झाल्यावरच त्याने ओटीपी सांगावा. याच टप्प्यावर फसवणूक होते. इंटरनेटवर शोधून मिळालेला ग्राहक सेवा क्रमांक खोटा असू शकतो, तेव्हा क्रमांक ॲपमधूनच घ्यावा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगून ठेवावे. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

फोनवरून काम झाले नाही तर लेखी तक्रार करावी. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. हा तपशील बहुधा पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. या अधिकाऱ्याने ४८ तासांच्या आत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची असते आणि एका महिन्याच्या आत तक्रारीचे निवारण करायचे असते. मी पाठवलेल्या ईमेलचा मजकूर पुढे देत आहे. रिकाम्या जागा भरून तो वापरता येईल.

'महोदय, श्री./श्रीमती ... यांनी आपल्या संकेतस्थळावरून दिनांक ... रोजी मागवलेली वस्तू (ऑर्डर क्रमांक ...) मला भेट म्हणून दिनांक ... रोजी प्राप्त झाली. वस्तूमध्ये पुढील दोष आहे: ... फोटो व बिलाची प्रत सोबत जोडली आहे. खरेदीदाराच्या संमतीने ही वस्तू वापरणारी व्यक्ती या नात्याने मी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) नुसार ग्राहक आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० च्या सहाव्या नियमानुसार सदोष वस्तू परत घेण्यास नकार देता येत नाही. तरी वस्तू बदलून द्यावी, अथवा खरेदीदाराने भरलेली संपूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात परत करावी, आणि वस्तू माझ्या पत्त्यावरून आपल्या खर्चाने न्यावी. या तक्रारीचा नोंदणी क्रमांक कळवावा.'

भावाने याच ईमेलला 'वरील तक्रारीस माझी संमती आहे' असे एका ओळीचे उत्तर त्याच्या नोंदणीकृत पत्त्यावरून पाठवले. ती एक ओळ फार उपयोगी पडते, कारण त्यानंतर नावाचा वाद उरतच नाही. पैशांऐवजी कूपन किंवा खात्यातील जमा देऊ केली जाते. ती सोयीची वाटली तर घ्यावी, पण वस्तू सदोष असताना तीच घेण्याची सक्ती मान्य करू नये. कायद्याचे शब्द मोबदला परत करण्याविषयी आहेत.

महिन्याभरात दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथे मराठीतूनही बोलता येते आणि हेल्पलाइन कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. बरीच प्रकरणे येथेच मिटू शकतात. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची, ज्याला लोक अजूनही ग्राहक मंच म्हणतात. वस्तूसाठी दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार येथे होते, आणि ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील देणे सक्तीचे नाही. १ जानेवारी २०२५ रोजी सुरू झालेल्या ई-जागृती या पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. विक्रेता, संकेतस्थळ आणि शक्य असेल तेव्हा उत्पादक, या सर्वांना प्रतिवादी करावे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा राहत नाही.

तक्रार कोठे करायची, हा भेटवस्तूंच्या बाबतीत फार दिलासा देणारा मुद्दा आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरीधंदा करतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे अमेरिकेतल्या मुलीने भारतीय संकेतस्थळावरून सांगलीतल्या आईवडिलांसाठी मागवलेला टीव्ही बिघडलेला निघाला, तर ते सांगलीतच दाद मागू शकतात, मग विक्रेता गुरुग्रामचा असो की सुरतचा. गोव्यात उत्तर व दक्षिण गोव्यासाठी स्वतंत्र जिल्हा आयोग आहेत. भारताबाहेर नोंदलेली, पण भारतातील ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणारी संकेतस्थळेही २०२० च्या नियमांच्या कक्षेत येतात. मात्र त्यांच्याकडून प्रत्यक्ष वसुली करणे कठीण असल्याने महागडी भेट तेथून मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

देणाऱ्यानेही थोडी काळजी घेतली तर पुढचे बरेच कष्ट वाचतात. परत करण्याची मुदत वस्तू पोहोचल्यापासून मोजली जाते, सण साजरा झाल्यापासून नाही. म्हणून सवलतीच्या सेलमध्ये महिनाभर आधी घेतलेली वस्तू स्वतःच्या घरी आली असेल तर ती एकदा उघडून, चालवून, मगच कागदात गुंडाळावी. थेट दुसऱ्याच्या पत्त्यावर जाणार असेल तर आश्चर्याचा धक्का देण्याचा मोह आवरून 'पार्सल आले की त्याच दिवशी उघड' एवढे तरी सांगावे, आणि किंमत झाकायची असेल तर बिल स्वतःजवळ ठेवून ऑर्डर क्रमांक कळवावा. पैसे भरण्याच्या पानावर भेटीचे वेष्टन किंवा देणगी आपोआप जोडलेली नाही ना, हेही पाहावे. ग्राहकाला न विचारता टोपलीत अशी भर घालणे ही नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मनाई केलेली गोष्ट आहे.

माझ्या तक्रारीची पोच दुसऱ्या दिवशी आली आणि नवव्या दिवशी नवे भांडे घेऊन माणूस दारात आला. तो जाण्यापूर्वी मी त्याच्यासमोरच भांड्यात पेलाभर पाणी ओतून ते वर्तमानपत्रावर ठेवले, आणि कागद कोरडा राहिल्यावरच जुने भांडे त्याच्या हवाली करून भावाला ओटीपी सांगायला सांगितले.