भांडणातला आपला स्वभाव ओळखताना या चुका टाळा

गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या शिक्षकांसाठी आणि बचतगटांसाठी मी वाद हाताळण्याचे वर्ग घेतो. पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी सांगतंच, "सर, मी सगळ्यांना सांभाळून घेणारा." तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याकडे बघतो. तो बहुतेक वेळा खाली मान घालून बसलेला असतो.

स्वतःला जसं व्हायचंय तसं उत्तर देणं, ही पहिली चूक. केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांची 1974 सालची प्रश्नावली मी वापरतो; वादात आपण कसं वागतो ते ती दाखवते. तिच्यात वाक्यांच्या 30 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतून एकच वाक्य निवडायचं असतं. पद्धती पाच: आपलंच रेटणं, मिळून मार्ग काढणं, तडजोड, टाळणं आणि नमतं घेणं. प्रत्येक पद्धत 12 वेळा समोर येते, म्हणून तिचे गुण शून्य ते 12 यांच्यामध्ये पडतात. एक वाक्य चांगलं आणि दुसरं वाईट असं दिसू नये, याची काळजी ती बनवताना घेतलेली आहे. तरीही माणसं आपल्याला शोभेल ते वाक्य शोधत बसतात. फोनवरच्या दहा प्रश्नांच्या चाचण्यांत तर ते शोधावंही लागत नाही. दोन मिनिटांत निकाल, निकालाबरोबर एखाद्या प्राण्याचं चित्र, आणि माणूस खूश. अशा निकालावर विसंबून लोक घरी बोलायला जातात, याचा मला खरोखर त्रास होतो.

माझी सवय सांगतो. प्रश्नावली उघडण्याआधी मी कागदावर अलीकडचं एक खरं भांडण लिहितो: कुणाशी, कशावरून, आणि माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य कोणतं. मग तेच भांडण डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं देतो. एकदा घरातलं भांडण धरून, एकदा कामावरचं. माझे आकडे दोन्हीकडे वेगळे येतात.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे: टाळण्याला समजूतदारपणा म्हणणं. आमचं वडिलोपार्जित घर तिघा भावांचं, अजून वाटण्या न झालेलं. गोव्यात अशी घरं खूप. इथल्या कायद्याने मुलगे-मुली सारखेच वारस, आणि विकायचं ठरलं तर नवरा-बायको दोघांच्याही सह्या लागतात. त्यामुळे एक विषय टाळला की तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. पावसाआधी, मे महिन्यात, छपराचे नळे परतून घ्यावे लागतात. चार वर्षं तो खर्च मी एकट्याने केला आणि कुणाकडे काही मागितलं नाही. बायको विचारायची, "दादांना सांगितलंत का?" मी म्हणायचो, "चवथीला सगळे एकत्र येतात, उगाच कशाला कडवटपणा?"

पाचव्या वर्षी चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी आम्ही माटोळी बांधत होतो; गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती. दादा सहज म्हणाला, "यंदा सुपारीचे घोस कमी दिसतात." एवढंच. माझ्या हातातली दोरी खाली पडली आणि चार वर्षांचा हिशोब मी ओरडून सांगितला, मुलांसमोर, वहिनीसमोर. दादा माझ्याकडे बघतच राहिला. "तुका आयज जालां तरी कितें?" (तुला आज झालंय तरी काय?) एवढंच तो म्हणाला. आरतीला तो उभा राहिला, जेवला मात्र नाही.

पंधरा दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "तू गप्प बसलास की मला वाटतं तुला चालतंय. पैसे मागितले असतेस तर त्याच दिवशी दिले असते." मी स्वतःला नमतं घेणारा समजत होतो. नमतं घेणाऱ्याला समोरच्याचं भलं व्हावंसं वाटतं आणि तो सोडून देतो. मी काहीच सोडलं नव्हतं, मनात एकेक रुपया मांडून ठेवला होता. तुमचं नमतं घेणं आहे की टाळणं ते तपासायचं तर रक्कम आठवून बघा. तोंडपाठ असेल तर ते टाळणं आहे. आता मी नळेवाल्याची पावती त्याच दिवशी तिघांना दाखवतो.

अर्धं-अर्धं वाटून घेणं म्हणजे मिळून मार्ग काढणं नव्हे. कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पाण्याचे दिवस दुसऱ्या एका घरातल्या दोघा भावांनी निम्मे-निम्मे वाटून घेतले आणि दोघंही कुरकुरत राहिले. एकाला भाजीसाठी रोज थोडं पाणी हवं होतं, दुसऱ्याला पोफळींसाठी काही दिवसांनी एकदा भरपूर. कुणी विचारलंच नव्हतं.

रेटणं नेहमी वाईट नसतं. पोरगा हेल्मेट न घालता स्कूटर काढत असेल तर चर्चा कसली, चावी काढून घ्या.

प्रश्नावली भरल्याबरोबर बायकोची किंवा साहेबांची पद्धत ठरवू नका. आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाद मिटवायला जाऊ नका, तिथे तीसजण वाचत असतात.

निकाल आला की तो अशा माणसाला दाखवा ज्याच्याशी तुमचं गेल्या वर्षभरात वाजलंय. "हे पटतं का?" असं विचारू नका, तो भिडेपोटी हो म्हणेल. "आपलं वाजलं तेव्हा मी आधी काय केलं?" असं विचारा, आणि तो बोलेपर्यंत थांबा. माझ्या दादाला बोलायला अर्धा कप चहा लागला होता.