ताडोबाला एकटीने जाताना

ताडोबाला एकटीने निघालेल्या बाईला घरचे लोक वाघाची भीती घालतात. चंद्रपूर जिल्ह्यात वाढलेल्या आणि या जंगलात अनेकदा एकटीने गेलेल्या माझा अनुभव मात्र असा आहे, की सफारीच्या उघड्या जिप्सीत गाइडसोबत बसल्यावर जी निश्चिंतता असते, ती अंधार पडल्यावर फाट्यावर वाहनाची वाट पाहताना मुळीच नसते. म्हणून आखणीची सुरुवात प्रवेशद्वारापर्यंतच्या रस्त्यापासून करावी.

चंद्रपूर हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचे स्थानक असून तेथून ताडोबाचे मोहर्ली गेट सुमारे ३० किलोमीटर आहे. नागपूरकडून येणाऱ्यांना चिमूरमार्गे कोलारा गेट सोयीचे पडते. एसटीने यावे किंवा काळीपिवळीने, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या जीपने, पण मुक्कामी दुपारी चारच्या आत पोहोचावे, कारण काळीपिवळी भरल्याशिवाय सुटत नाही आणि संध्याकाळी ती सुटेलच याची खात्री नसते. एका हिवाळ्यात मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी पाठवण्याचे कबूल करूनही कोणी आले नाही. फाट्यावर उतरले तेव्हा साडेसहा वाजले होते आणि टपरीवरच्या मावशी स्टोव्ह विझवून फळ्या लावत होत्या. ‘‘बाई, ह्या रस्त्यानं पायदल नको जाऊ, परवाच नाल्यापाशी वाघ दिसला,’’ असे म्हणून त्यांनी मला आत बसवले आणि त्यांच्या मुलाने ओळखीचा जीपवाला बोलावला. तेव्हापासून निघण्याच्या दिवशी सकाळी मी चालकाशी स्वतः बोलते आणि गाडीचा क्रमांक घरी कळवते.

मावशी बोलल्या ते खरे होते. बफरमधील, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातील, गावांच्या धुऱ्यांवरून (शेतांच्या बांधांवरून) आणि नाल्यांतून वाघ ये-जा करतो, तर मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळू लागली की अस्वलेही झाडांखाली येतात. मोहफुले किंवा तेंदूपत्ता गोळा करणारी, वाकलेली किंवा बसलेली माणसे हल्ल्याला बळी पडल्याच्या घटना या भागात घडतात. त्यामुळे पहाटे फिरायला जाणे, तिन्हीसांजेला तळ्याकाठी बसणे किंवा नैसर्गिक विधीसाठी झुडपाआड जाणे पूर्णपणे टाळावे. खोलीला लागून शौचालय आहे का आणि दाराला आतून भक्कम कडी आहे का, हे आरक्षणाआधीच विचारावे. सकाळच्या सफारीसाठी अंधारातच निघावे लागते, म्हणून जिप्सी मुक्कामाच्या दारापर्यंत येईल असे आदल्या दिवशी ठरवून घ्यावे.

सफारीचे आरक्षण वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे आणि मूळ ओळखपत्र सोबत ठेवावे. उद्यान मंगळवारी बंद असते, तर पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद असते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. एकटीने पूर्ण जिप्सी घेणे महाग पडते, म्हणून एखाद्या कुटुंबासोबत जागा मिळते का ते पाहावे. ताडोबात महिला गाइड आहेत. गाइड पाळीनुसार मिळत असला, तरी प्रवेशद्वारावर ‘महिला गाइड असेल तर बरे होईल’ अशी विनंती करायला संकोच करू नये.

कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, ही गोष्ट एकट्या बाईने विशेष लक्षात ठेवावी. आत जाण्यापूर्वी घरी गेटचे नाव आणि परतण्याची वेळ कळवावी, आणि महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत. त्यांत आपत्कालीन मदतीचा ११२ आणि वन विभागाचा १९२६ हे असावेतच.

सफारी तीन-चार तास चालते आणि गाइड सांगेल त्या ठिकाणाशिवाय खाली उतरता येत नाही. शौचालयाच्या धास्तीने पाणी न पिणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जात असताना हे अंगाशी येते. निघण्यापूर्वी शौचालयात जाऊन यावे, पाणी मात्र थोडे थोडे पीत राहावे. पाळीचे दिवस असतील तर वापरलेले पॅड कागदात गुंडाळून पिशवीत ठेवावे, जंगलात टाकू नये.

दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. त्याच रात्री चंद्रपूरहून परतीची रेल्वे गाठण्याचा बेत करू नये. आणखी एक मुक्काम धरावा आणि सकाळी उजेडात एसटीने निघावे.